मुंजाजीनं खोडलेला ‘प्रशासक’

तास संपवून वर्गाबाहेर आलो, तर फोनवर मुंजाजीचा निरोप होता. ‘सर, शेवटचं वाक्य अजून अडखळायलंय. बघा जरा.’ मी उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात त्याच्या भावाचा फोन आला. पूर्णा स्टेशनात, ड्यूटीवरच, छातीत कळ येऊन मुंजाजी गेला होता. निरोप सव्वानऊचा, आणि दहाला माणूस नाही... चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. महिना उलटला, तरी मी तो निरोप उघडतो आणि पुन्हा वेळ बघतो.

मुंजाजी रेल्वेत सिग्नल दुरुस्तीला, मी पिंगळीच्या शाळेत मराठी शिकवणारा. फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही सुट्टीच्या दिवशी मराठीत आणत होतो. ती संगणकावर बसवताना पडद्यावर सूचना येतात, त्यातली सगळ्यात अवघड पासवर्डची. मी ऐटीत लिहिलं, ‘प्रशासकाचा परवलीचा शब्द निश्चित करा.’ लगेच त्याचा फोन.

‘सर, प्रशासक म्हणल्यावर लोकांला ग्रामपंचायतीवर बसवलेला साहेब आठवतो. म्हणतील, मग त्यालाच इचारा पासवर्ड!’

मी चिडलो. मराठी मला शिकवू नकोस, असंही बोलून गेलो...  पुढच्या रविवारी तो सकाळीच घरी आला, चपला काढता काढता म्हणाला, ‘राग ऱ्हाऊ द्या, आपण मिळून लिहू.’ त्या दिवशी ‘प्रशासक’ खोडला गेला. लिहिलं, ‘हा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याचा संगणकावर पूर्ण ताबा. स्वतःचं नाव, गाव, जन्मतारीख ठेवू नका.’ माझं बोलणं चुकलं, हे मात्र मी त्याला कधी म्हणालो नाही. म्हणू कधीतरी, असं वाटत राहिलं.

तेराव्यानंतर त्याच्या क्वार्टरवर गेलो. त्याची बायको, रेखावहिनी, म्हणाल्या, ‘त्यांचं ते काम झालं का, सर?’

‘एक वाक्य राहिलंय.’

‘वाचा मग. मी भाकरी करताना मला वाचून दाखवायचे. मला कळल्याबिगर पुढं जात नव्हते.’

मी लॅपटॉप उघडून पासवर्डच्या रकान्याखालचं वाक्य वाचलं. ‘हा रकाना रिकामा ठेवल्यास मुख्य खातं बंद राहून सर्व अधिकार पहिल्या वापरकर्त्यास मिळतील.’

‘लय लांब हाय. काय बंद व्हतं, ते आदी सांगा. मिळतंय कुणाला, ते मागून.’

मी तिथंच वाक्य तोडलं. ‘हा रकाना रिकामा ठेवला, तर मुख्य खातं बंद राहील. मग सगळे अधिकार पहिल्या वापरकर्त्याला मिळतील.’

‘आता कळलं,’ त्या म्हणाल्या. ‘पाठवा.’

मी ते सिस्टिम बनवणाऱ्यांकडे पाठवलं. आणि सवयीनं फोन हातात घेऊन मुंजाजीच्या उत्तराची वाट बघत बसलो.