तिसऱ्या माळ्यावरची पिचर

त्या दिवशी गाडीची चावी पहिल्यांदाच माझ्यापर्यंत पोचली नाही. सुरतेत कोसाडला आमच्या इमारतीखाली मी गाडी पुसून उभा होतो. सुमननं तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून चावी फेकली, ती माझ्या अलीकडे पत्र्यावर आदळली. मी काठीनं काढली, म्हटलं मिळाली, जातो. ती वरून म्हणाली, "नको. वर लई या. परत फेकस मी." चावी वर घेऊन या म्हणे.

सुमन माझी बायको. ती सॉफ्टबॉलची पिचर होती, हे तिच्या दहाव्याला आलेल्या अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. बेसबॉलसारखाच खेळ, चेंडू मोठा, हात खालून फिरवून फेकायचा; फेकणारी ती पिचर. आमच्या खानदेशात पोरी खेळतात. एका कारखान्यानं तिला त्यासाठीच नोकरीवर घेतलेलं. हजेरी लावायची, मैदानावर जायचं, पगार चेंडू फेकण्याचा. मग खांदा दुखायला लागला. तशीच एका सामन्यात फेकत राहिली, आणि हात गेला तो गेलाच. कारखान्यानं तिला पोती शिवायला बसवलं, तिनं नोकरी सोडली. मी बघायला गेलो तर चारचौघांत म्हणाली, "माझा हात गेलाय. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही." मी म्हटलं, भाकरी थापता येते ना, बास. ती हसली नाही. सुरतेत मी कापडाचे लूम चालवले, तिनं घरी साड्यांना खडे चिकटवले. चेंडूचं नाव निघालं की उठून आत जायची...

एकदा मी गाडीची चावी वर विसरलो. तिनं हात खालून फिरवून सोडली, सरळ माझ्या पंजात. तिचं उजळलेलं तोंड मी खालून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून चावी मुद्दाम वर ठेवून जायला लागलो. तिला कळत होतं. गुजराती शेजारी माझ्या विसरण्यावरून टोमणा मारायचा, "काका, रोज भूली जाओ छो?" मी म्हणायचो, हो, म्हातारा झालो.

तर त्या दिवशी गुडघे बोंबलत होते, तरी तीन माळे चढलो. चावी तिच्या हातात दिली, परत उतरलो, हात पुढे केला. तिनं खांदा फिरवून बघितला आणि सोडली. बरोबर पंजात. "बघा," एवढंच म्हणाली. भाजी घेऊन आलो तर पलंगावर आडवी. झोपली असं वाटलं... संध्याकाळी तापीकाठच्या स्मशानात नेली.

दुसऱ्या सकाळी पाहुण्यांसाठी दूध आणायचं होतं. सवयीनं चावी वर ठेवून खाली गेलो, गाडी पुसली, हात पुढे केला. मग वर गेलो. गॅलरीत तिच्या जागेवर उभा राहिलो, हात खालून फिरवला आणि चावी फेकली. कुठंतरी शेजाऱ्याच्या कुंड्यांत गेली. खाली उतरून शोधत बसलो.