जवळच्या नंबरचं कार्ड

माझा दादा चष्म्याचं दुकान चालवतो. मी काउंटरवर बसून फ्रेमी विकते आणि त्याला टोमणे मारते. दोन्ही कामं मन लावून करते.

दोन वर्षांपूर्वी दादाने एक रहस्यकथा लिहिली. प्रकाशकाने छापली आणि बजावलं, "हल्ली खपवायचंही लेखकानेच बघायचं असतं." दादाने फोनवर सगळ्यांना मुखपृष्ठ पाठवलं. नातेवाइकांनी तोंडभरून अभिनंदन केलं, पण पहिलं पान तरी कुणी उलटलं असेल तर शपथ!

जवळचा नंबर काढताना गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड देतात. वर टपोरी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. एक दिवस बघते तर कार्डावर दादाच्या पुस्तकाची सुरुवात! पहिल्या ओळीत बंद घराची घंटा वाजते, आणि तळाच्या मुंगीएवढ्या ओळीत आतून बाईचा आवाज येतो, "थांबा, किल्ली..." कार्ड संपलं.

"पुढे काय?" गिऱ्हाईक विचारायचं. दादा गुपचूप शेल्फाकडे बोट दाखवायचा. चष्म्याबरोबर पुस्तक खपू लागलं. दादाचं डोकं एवढं चालतं हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

पण त्याचा जीव भलतीकडेच अडकला होता. "घेतात गं, पण वाचतात का?" परत आलेल्या प्रत्येकाचा चेहरा तो निरखायचा, विचारायची मात्र हिंमत नाही. दुसऱ्या पुस्तकाची कोरी वही खणात पडून होती. "एकाने जरी वाचल्याचं कळलं तर लिहीन. नाहीतर आपले चष्मेच बरे." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की त्यावर टोमणा मारणं मला जमलं नाही.

मग एकदा शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. सहा महिन्यांपूर्वी सुनेच्या चष्म्याबरोबर त्यांनी पुस्तकही नेलं होतं. आता सुईत दोरा ओवता येत नाही, ही तक्रार. दादाने कार्ड दिलं. मावशींनी घडाघडा वाचलं, पार तळापर्यंत.

"मावशी, नजर तर एकदम तल्लख आहे. चष्मा कशाला हवाय?" दादाने कार्ड घ्यायला हात पुढे केला, पण मावशी थांबेचनात.

"...किल्ली पायपुसण्याखाली आहे. पण आत येऊ नका. मी एकटी नाहीये."

हे कार्डावर नव्हतं. फ्रेम पुसता पुसता माझा हात थांबला.

"मावशी," दादाचा आवाज बारीक झाला, "खरं सांगा, कार्डावर काय दिसतंय?"

"मधल्या ओळीपासून सगळं धूसर." मावशी ओशाळल्या. "मी मशीनवर बसले की सून वाचून दाखवते रे. दोनदा झालं वाचून. पण तो घंटा वाजवणारा माणूस शेवटी गेला कुठे, ते तू लिहिलंच नाहीस. आम्ही दोघी त्यावरून भांडतो!"

दादाने आकड्यांच्या कार्डावर त्यांचा नंबर काढला. दोनदा चुकला. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला हसलेसुद्धा नाही.

मावशी गेल्यावर तो म्हणाला, "हे कार्ड बाद. लोकांना पाठ झालंय. नवा मजकूर लागणार."

त्याने खणातली वही काढली आणि पहिली ओळ टपोऱ्या अक्षरांत लिहिली : घंटा वाजवणारा माणूस अजून जिन्यातच बसून होता.