वजन वाढणारे वांगे

आता तुम्ही चहा प्यायले बसलेच आहा, तं मी कशी हुशार निघाली तेही आयकून घ्या.

माझी नात रश्मी शेतीच्या कॉलेजात भाज्या टिकवायचं संशोधन करते. उन्हाळ्यात आली आमच्या एकोडीले अन् घरामागच्या वाडीत विटांचं खोकं बांधलं. दोन भिंतींच्या मधात रेती, रेतीले दोन टाईम पाणी, वरून ओलं पोतं. त्यात वीस वांगे, अन् बाजूले साध्या टोपल्यात वीस. एकेकाच्या देठाले नंबरची चिठ्ठी. रोज सकाळी वजन करायची अन् वहीत लिवायची.

म्हणे, "आजी, आठव्या दिवशी सर पाह्यले येतीन. माझी वर्षभराची मेहनत हाय यात. कोणाले हात लावू देजो नोको."

दुसऱ्या कोणाले मी जवळ येऊ देते का? कोंबडीलेही नाही.

पण दुसऱ्याच दिवशी टोपल्यातले वांगे माझ्या तोंडासारखे सुरकुतले. आता सांगा, बाहेरगावचा पाहुणा येणार अन् त्याच्यापुढं असे वांगे? मी पहाटेच वाडीतले चांगले टपोरे वांगे तोडले, टोपल्यात ठेवले, अन् जुन्या देठाच्या चिठ्ठ्या सोडून नव्याले बांधल्या. मले वाटलं, नंबर त्या जागेचा हाय. मंग रोजचंच झालं ते.

चार दिवसांनी रश्मीचं जेवणात लक्ष नाही. म्हटलं, काय झालं वो बाई?

"तोडलेल्या वांग्यातलं पाणी उडते आजी, वजन घटते. इथं तं वाढून राहिलं."

मी समजली, विटांच्या खोक्यातल्या वांग्याचं सांगून राहिली. दोन टाईम पाणी पेतात, तं वाढतीनच ना! उलट मीच शेजारच्या सुमनबाईले सांगतलं, माझ्या नातीनं तोडलेलं वांगं वाढवून दाखवलं. अर्धं गाव पाहून गेलं.

आठव्या दिवशी सर आले. वही पाह्यली, काटा तपासला, टोपल्यातलं वांगं उलटंपालटं केलं. रश्मीचा चेहरा उतरलेला. सर म्हणे, विटांचं खोकं तं कामाचंच नाही निघालं. साध्या टोपल्यातले वांगे त्याहून ताजे. मंग मलेच विचारलं, "आजी, या टोपल्याले तुम्ही काय करता?"

मले वाटलं, आता शाबासकी भेटते. म्हटलं, "काही नाही सर. रोज सुकलेले काढते, ताजे ठेवते."

सरांनी हातातलं वांगं खाली ठेवलं.

मंग रश्मीनं हळूच विचारलं, "अन् सुकलेले कुठी गेले, आजी?"

"कुठी जातीन? आठ दिवस भाजी कशाची खाऊन राहिली तू?"

सर हसता हसता खाटेवर बसले. अजून आठ दिवस देतो म्हणे, पहिल्यापासून करा. रश्मीनं डोळे पुसले अन् वहीत काहीतरी लिवलं. मले कुठी वाचता येते? म्हटलं, वाचून दाखव.

"किडीचा रकाना. प्रयोग बिघडला. कारण: आजी."

जन्मात पहिल्यांदा मी कॉलेजच्या वहीत चढली, अन् तेही किडीच्या रकान्यात.