बेबीबाईच्या चार ओळी

नाकाडोंगरीला दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, तिथं दरवर्षी नाटक व्हायचं, आणि ते नाटक कृष्णराव लिहायचे. पाच एकर धानाचा धनी, पण गावात त्यांची ओळख 'लेखक' अशीच. अलीकडे हात थरथरायला लागले, पेन धरवेना, तेव्हा नागपूरला नोकरीला असलेल्या धनंजयने बापाच्या मोबाईलमध्ये बोललेलं टाइप होण्याची सोय करून दिली. स्वतःचा जुना टॅब सिम टाकून आईला दिला आणि दोन्ही एकाच खात्याला जोडले.

"बाबा, तुमी बोलाचं. ते आपोआप आईच्या टॅबवर जाईन. मोबाईल 'धान' ले 'दान' करते, ते आई सुधारन."

"तेवढंच कर बरं," कृष्णराव बायकोला म्हणाले. "शब्द सुधारजो. नाटकाले हात लावू नको."

बेबीबाई नुसती "हाव" म्हणाली.

त्या साली नाटकाचं नाव होतं 'सगुणेचा वाटा'. विधवा सगुणेला दीर घराबाहेर काढतात, अशी गोष्ट. धान पोसवला होता, रानडुकरांचा त्रास होता, म्हणून कृष्णराव दिवसभर बांधावरच्या झोपडीत बसून मोबाईलशी बोलत. तिथं जंगलामुळं टॉवर नव्हता. संध्याकाळी घरी येताना कालव्याच्या पुलावर टॉवर मिळायचा, आणि दिवसभराचं बोलणं तिथून टॅबवर पोचायचं. तोवर बेबीबाई घरी कालच्याच मजकुरावर बसलेली असायची.

एका संध्याकाळी पुलावर मोबाईलने विचारलं, की या मजकुरात दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले आहेत, कोणती प्रत ठेवायची? कृष्णरावांनी दोन्ही उघडून पाहिल्या. त्यांच्या प्रतीत सगुणा दीड पान बोलत होती. दैव होतं, नियती होती, तुटलेल्या पतंगाची उपमा होती. बेबीबाईच्या प्रतीत त्या जागी चारच ओळी होत्या:

"जा म्हनता तं जातो.
पन चुलीवर भात हाय.
तेवढा उतरवू द्या.
तुमचेच लेकरं उपाशी रायतीन."

कृष्णराव पुलाच्या कठड्यावर बसले. इतकी वर्षं नाटकं लिहिली होती. चांगलं कशाला म्हणतात ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं. शब्द सुधारायला बसवलेली बाई, भाकरी थापता थापता हे लिहून जाते, आणि आपण झोपडीत घसा कोरडा करतो. त्यांनी स्वतःच्या प्रतीवर बोट ठेवलं आणि दुसरी गेली.

सकाळी बेबीबाईने विचारलं, "मी थोडं लिवलं होतं. ते कोठी गेलं?"

"मले का मालूम. मशीन हाय, खाल्लं असन."

दोन दिवसांनी पुलावर तेच झालं, तशाच चार ओळी, आणि कृष्णरावांनी पुन्हा स्वतःचीच प्रत ठेवली. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं धनंजयला फोन करून विचारलं, "काहून रे, हे मशीन स्वतः ठरवत काहून नाही? एक चांगलं, एक कच्चं, एवढं समजत नाही त्याले?"

"बाबा, त्याले चांगलं-कच्चं नाही समजत. कोनी कधी बदललं तेवढं पाहते. एकानं केल्यावर दुसऱ्यानं केलं, तं नंतरचं ठेवते. दोघायनं एकमेकाचं न पाहता एकाच जागी बदललं, तं मानसाले विचारते. खूप डोकं लावलं लोकायनं यावर, पन घरातलं भांडन कोनाले सोडवता येते?"

धनंजय हसला. कृष्णराव हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात 'नंतरचं ठेवते' एवढंच राहिलं. पुढचे काही दिवस ते मुद्दाम पुलावर रेंगाळले. बेबीबाई स्वयंपाकाला उठली असेल असा अंदाज घ्यायचे, तिचा बदल येऊन पडला की त्यावर आपलं पान चढवायचे आणि मग घरी येऊन पाय धुवायचे. जेवताना तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचे.

नाटक बसवणारा अंकुश प्रत न्यायला आला, तेव्हा कृष्णराव शेतावर होते. टॅबमधलं नेट आदल्या सकाळीच संपलं होतं, त्यामुळं पुलावरून पाठवलेलं त्यात उतरलंच नव्हतं. बेबीबाईने त्या दिवशी पुन्हा लिहिलेल्या चार ओळी जशाच्या तशा त्यात होत्या. अंकुशने ते ब्लूटूथने आपल्या मोबाईलवर घेतलं आणि तुमसरला जाऊन छापून आणलं.

रविवारी दुपारी समाजमंदिरात वाचन झालं. सगुणेचं काम करायला साकोलीची चंदा आली होती. कृष्णराव पुढं खुर्चीवर, बेबीबाई मागं बायकांत. दिराचं बोलणं संपलं आणि चंदाने वाचलं, "जा म्हनता तं जातो." कृष्णरावांनी चमकून तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. चार ओळी संपल्या. चंदा कागद खाली घेऊन थोडी थांबली. बायकांत कुणीतरी नाक ओढलं.

"कृष्णाभाऊ," अंकुश म्हणाला, "यंदा तुमी लयच मोठं लिवलं."

आता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं, "होते कधी कधी." मागं वळून बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

घरी आल्यावर बेबीबाई तांदूळ निवडायला बसली. कृष्णराव खांबाला टेकून उभे राहिले.

"तुले हे सुचलं कोठून?"

"माह्या मावशीचं हाय. भात उतरवूनच निंगाली होती बिचारी." तिने एक खडा फेकला. "आन एक सांगतो. त्या टॅबात जुन्या प्रती दिसते. कोनत्या वेळी, कोनत्या मोबाईलवरून काय पुसलं, सारं लिवून येते. धनूनं दाखवलं होतं मले."

"मंग बोलली काहून नाही?"

"पाहत होतो, किती दिवस पुसता ते."

यापेक्षा भांडली असती तर बरं, असं त्यांना झालं. दुसऱ्या दिवशी ते अंकुशकडे गेले आणि त्या ओळी बेबीच्या आहेत, नाटकाच्या पत्रिकेवर तिचं नाव घाल, असं एका दमात सांगून मोकळे झाले. अंकुश म्हणाला, पत्रिका छापून आल्या, वाटल्यासुद्धा. कृष्णरावांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

मंडईच्या दिवशी पडदा उघडण्याआधी अंकुशने माईकवर सांगितलं, की यंदाचं नाटक कृष्णराव आणि बेबीबाई दोघांचं आहे. बायका इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागल्या, की कृष्णरावांना तशा आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी मनातलं झोंबणं गेलं नव्हतं.

पौषात बेबीबाईने धनंजयला सांगून स्वतःचं वेगळं खातं करून घेतलं. आता टॅबवर तिचं एक नवं नाटक चालू आहे. कृष्णराव झोपडीत बसून आपलं बोलतात, मधेच मोबाईल पाहतात. तिचं काही येत नाही. परवा न राहवून त्यांनी विचारलं, "दोन ओळी तं दाखव."

"लिवून झालं का दाखवीन," ती म्हणाली आणि टॅब पालथा ठेवून कणीक मळायला उठली.

पालथ्या टॅबकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पायात चपला घालून शेताकडे निघाले.