गारखेड्याची बिनपैशाची पहाट

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाय. कपाटावर जुन्या चादरी साचतात तसे ते साचत जातात, आणि एखाद्या दिवशी एक ओढायला जावं तर अख्खा ढीग अंगावर! परवा तसंच झालं. पुंडलिकनगरात आमच्या भिशीच्या बायका चहाला बसल्या होत्या. एकीनं सहज विचारलं, "शेळकेबाई, पोलिसात जन्म काढला तुम्ही, चोर किती धरले हो?" म्हणलं, "चोरांचं राहू द्या बाई, मी तुम्हाला पहाटेचं सांगते."

तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. गारखेड्याच्या कडेला एका छोट्या चौकीत मी हवालदार होते. चौकीमागं मोकळं ग्राउंड होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी तिथं पहाटे पळायला यायची. त्यांना शिकवायचे आमचे दाभाडेमामा, चौकीतले सगळ्यात जुने जमादार. तरुण पोरांनी पोलिसाला बघून पळून जाऊ नये, पोलिसाबरोबर पळावं, म्हणून वरून थोडा निधी यायचा. त्यात केळी, बूट, गोळाफेकीचा गोळा, गवत काढणारा माणूस, सगळं भागायचं.

मग एका हिवाळ्यात निधीच बंद झाला. साहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, "पैसे बंद, म्हणजे ग्राउंडही बंद."

मामा म्हणाले, "साहेब, पैसे बंद झाले. पहाट कुठं बंद झालीय?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली. म्हणाले, "भरतीपर्यंत चालवा. पण माझ्याकडं काही मागायला यायचं नाय."

माझा जीव अडकला होता रेणुकात. अजिंठ्याच्या पलीकडं डोंगरात तिच्या बापाची मेंढरं. पोरगी इथं मावशीकडं राहून तयारी करत होती. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची भरती. पोरगी काटक, दम तर असा की आठशे मीटर पळून आली तरी श्वास जागेवर! पण पळायची सगळ्यांच्या मागं. रोज. मी एकदा चिडून विचारलं, "अगं, पायात काय बेड्या आहेत का?"

तर म्हणते, "सवय हाय मॅडम. मेंढरामागं चालताना आपणच पुढं गेलं, तर मागचं लंगडं कोकरू कुणी बघायचं?"

आता मागं पळणाऱ्याला भरतीत कोण घेतंय? मला रात्र रात्र तीच काळजी.

*

मामांची शिट्टी ऐका आता. शिट्टी वाजली की पोरांनी सुटायचं, असा नियम. मामांची ड्यूटी रात्रभर, त्यामुळं पहाटे ते उभ्या उभ्या झोपायचे. घोडा झोपतो तसे. मफलर कानाला, हात खिशात, शिट्टी तोंडात, डोळे मिटलेले.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की माझाच हात मला पुसट दिसत होता. सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं मंद. शिट्टी वाजली, पोरं सुटली. चक्कर मारून आली, दम खातायत न खातायत तोच पुन्हा शिट्टी! पुन्हा पळाली. आली की परत शिट्टी! पोरांच्या तोंडाला फेस आला. एक जण कळवळून म्हणाला, "मॅडम, मामांना कुणी काही बोललं का? आज लईच तापलेत!"

मी जवळ जाऊन बघते तर मामा गाढ झोपलेले. श्वास सोडला की शिट्टी वाजत होती. पोरं मामांच्या घोरण्यावर पळत होती!

मी हलवलं तसे दचकून जागे झाले आणि पोरांवरच ओरडले, "अरे, उभे काय राहिलात? मी शिट्टी कवा वाजवायची तीच वाट बघताय का?"

*

केळ्यांचं सांगते. निधी होता तोवर रज्जाकभाईची गाडी रोज ग्राउंडच्या कोपऱ्यावर थांबायची. पळणं झालं की प्रत्येकाला केळी. निधी बंद झाल्यावर मी स्वतः जाऊन सांगितलं, "भाई, उद्यापासून येऊ नका. सरकारनं बजट काढून घेतलंय."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाडी हजर. कंदील लावलेला, धुक्यात तेवढाच एक पिवळा डाग. मला वाटलं, माझं बोलणं यांना समजलं नसेल. पुन्हा सांगायला लागले तर रज्जाकभाई केळ्यांवरचं पोतं काढत म्हणाले, "बाई, केले झाडां को लगते. बजट को नै लगते!"

तिथंच उभी राहून केळं खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं ते थंडीनं, असं मी मामांना सांगितलं.

*

पुढं जीपचं डिझेलही आटलं. पहाटेची गस्त घालायची कशी? मामांनी तोड काढली. पोरं नाहीतरी पळतात, ग्राउंडवर पळण्याऐवजी कॉलनीतून पळतील, आपण त्यांच्याबरोबर. गस्तही झाली, सरावही झाला! पुढं मामा, मधी पोरंपोरी, कडेनं मी धापा टाकत, आणि सगळ्यात मागं रेणुका. अर्धी पोरं झोपेतच असायची. पायांचा तेवढा आवाज. खिडक्यांमधून लोक बघायचे, त्यांनाही आपण जागे आहोत का नाय ते कळत नसावं.

त्याच दिवसांत एका वळणावर कुणीतरी फिरायला निघालेल्या बाईची चेन ओढली आणि पळत सुटला. समोरच्या गल्लीतून आम्ही येत होतो. आम्हाला त्यातलं काहीच माहीत नाय! त्यानं बघितलं, खाकी आणि मागं एवढी फौज, सगळे आपल्याच अंगावर येतायत. बिचाऱ्यानं जागेवर हात वर केले.

मामा डोळे अर्धे मिटून त्याच्या शेजारून निघून गेले. पोरंही गेली. मीही गेले, खरं सांगते, मला तो विजेचा खांबच वाटला! मागून आली रेणुका. मागं राहिलेला दिसला की तिला राहवतं थोडंच? म्हणाली, "दादा, असं मधीच थांबू नगा, पाय आखडतात. चला, चला, मागं राहू नगा!"

आणि तो पळायला लागला! कॉलनी ओलांडून, नाल्यावरचा पूल ओलांडून, थेट चौकीपर्यंत. जरा हळू झाला की मागून रेणुकाचं "चला, चला." चौकीच्या अंगणात येऊन तो जो कोसळला, तेव्हा कुठं मामांना जाग आली.

"हा कोण रं नवीन?"

तो धापा टाकत मुठीतली चेन पुढं करून म्हणाला, "साहेब, मी मघाशीच शरण आलतो ओ! ही ताई थांबूच देईना!"

*

थंडी सरेपर्यंत ग्राउंडवर गवत गुडघ्याएवढं वाढलं. गवत काढणारा माणूस निधीबरोबर गेलेला. पोरांचे पाय अडकायला लागले. रेणुकानं घरी फोनवर सहज सांगितलं असेल. आठ-दहा दिवस झाले असतील, एका पहाटे साहेबांचा मला फोन. साहेब चौकीच्या गच्चीवर उभे होते, आवाज एकदम हळू. "बाई, तुम्ही खाली आहात का? जरा बघा. आपल्या ग्राउंडवरचं धुकं चालतंय."

मी बघितलं. खरंच चालत होतं! पांढरं पांढरं, एका कडेनं दुसऱ्या कडेकडं, सावकाश. आणि त्याच्या पोटातून गवत कुरतडल्याचा आवाज. सबंध ग्राउंड हलक्या आवाजात चघळत होतं. मला तर तिथंच बसून राहावंसं वाटलं.

मग धुक्यातून एक घोंगडी बाहेर आली. रेणुकाचे वडील, सटवाजी. वावरा-वावरात मेंढरं बसवत बसवत एवढ्या लांब आला होता. पोरीच्या पायात गवत येतं म्हणून! माणूस अबोल. साहेबांनी गच्चीवरून विचारलं, "कुणाची परवानगी घेतली?"

सटवाजीनं मान वर केली. "मेंढराला वाचता येत न्हाय साहेब."

साहेब हसले. तीन दिवसांत ग्राउंड असं झालं की नवीन सतरंजी अंथरावी. लेंड्या तेवढ्या आम्हीच झाडल्या. साहेबांनी वर कळवलं, "मैदान स्वच्छ, खर्च निरंक." वरून शाबासकी आली हो!

*

गोळाफेकीचा गोळा तडकला तेव्हा नवा मिळणं शक्यच नव्हतं. मामांना आठवलं, चौकीच्या कपाटात एक वरवंटा पडलाय. सासू-सुनेच्या भांडणात जप्त केलेला. सासूनं सुनेच्या दिशेनं भिरकावला, अशी सुनेची तक्रार होती. सासूचा जबाब होता, "चटणी वाटताना हातातून निसटला." पुढं दोघींचा समेट झाला, तक्रार मिटली, पण वरवंटा न्यायला कुणी येईना. घरात मिक्सर आला होता. मामांनी रज्जाकभाईच्या काट्यावर वरवंटा तोलून बघितला आणि खूश झाले. पोरींना पाहिजे तेवढाच भरला!

पोरी वरवंटा फेकायला लागल्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. "मिक्सरच्या चटणीला चव नाय, माझा वरवंटा द्या."

मामा कसनुसे होऊन त्यांना ग्राउंडवर घेऊन आले. रेणुका तेव्हा फेकत होती, आणि वरवंटा तिच्या पायापाशीच पडत होता. सासूबाई जरा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग त्यांना असह्य झालं. पदर खोचला. "अगं ए, हातानं फेकतीस व्हय? कंबर कुठं गेली तुझी? हिकडं दे!"

वरवंटा गळ्याशी धरला, अर्धं वळल्या, आणि असा सोडला की तो पांढरी रेघ ओलांडून पार बाभळीखाली गेला. पोरींनी ज्या टाळ्या वाजवल्या!

मामा हात जोडून म्हणाले, "आजी, त्या दिवशी हातातून निसटला होता ना?"

"मग?" सासूबाई पदर सोडत म्हणाल्या. "निसटला म्हणूनच तर सून वाचली!"

पुढं भरतीपर्यंत त्या रोज यायच्या, रेणुकाची कंबर सुधारायला.

*

आणि भरतीचा दिवस. मला आत बंदोबस्ताची ड्यूटी होती. फाटकाबाहेर नुसती गर्दी, आई-बाप, डबे, बाटल्या. आत फक्त उमेदवार. सासूबाईंच्या कृपेनं रेणुकाचा गोळा चांगला गेला होता. राहिलं होतं पळणं, आणि त्याचीच तर धास्ती. मी फाटकाशी गेले तेव्हा मामा सटवाजीला सांगत होते, जवळजवळ भांडतच होते. "तुमची पोरगी सगळ्यांत ताकदीची हाय ओ! पण मागंच राहती. आज मागं राहिली तर संपलं सगळं! वर्दी गेली, कायमची! तुम्ही तरी सांगा तिला काहीतरी."

रेणुका छातीवर नंबर लावून खाली मान घालून उभी. नाव पुकारलं. पोरगी आत निघाली तसा सटवाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मागचं मी बघतो," तो म्हणाला. "तू हो पुढं."

एवढंच.

नंतरचं मला नीट आठवत नाय, स्वप्नात बघितल्यासारखंच आठवतं. ऊन नुकतं पडत होतं, धूळ सोनेरी झाली होती. पोरी सुटल्या. मी सवयीनं मागं बघितलं, तर मागं रेणुका नव्हती. मधी बघितलं, तिथंही नाय. पडली का काय? आणि मग पुढं बघितलं. पुढं ती एकटीच होती! पायाचा आवाज नाय, मान वळवणं नाय, वाऱ्यानं न्यावं तशी चालली होती. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा दुसरी पोरगी अजून वळणावर होती.

बंदोबस्त बिंदोबस्त सोडून मी फाटकाकडं पळाले. त्या वयात! गजांना धरून ओरडले, "पहिली आली! सटवाजीबाबा, तुमची रेणुका पहिली आली!"

मामा तोंडावर मफलर धरून रडायलाच लागले. सटवाजी घोंगडी सावरत गजांशी आला. माझ्या खांद्यावरून आत, त्या धुळीकडं, बघितलं. मग हळूच विचारलं,

"बाई, मागं कुणी राहिलं न्हाय ना?"