टेबलावरच्या साती आसरा

आमच्या घरात मी लेखक आहे, हे फक्त मलाच माहीत आहे.

त्यासाठी टेबलही घेतलंय. (टेबलाशिवाय कादंबरी सुरू होत नाही, असं माझं ठाम मत होतं. टेबल आल्यावरही होत नाही, हे नंतर कळलं.) चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या चिनी इंजिनिअरला, लीसाहेबांना, मी ऐटीत सांगितलं, "मी रोज लिहितो!" भला माणूस! सुट्टीवरून येताना त्यांनी माझ्यासाठी चिनी मातीचा छोटासा डोंगर आणला. वर सात शिखरं, पायथ्याशी कोरलेल्या लाटा, अंगावर हिरवीगार झिलई. तिकडचे विद्वान लिहिता लिहिता दोन शिखरांच्या मधे ओला ब्रश टेकवतात म्हणे. माझ्याकडे ब्रश नव्हता, म्हणून मी चष्मा टेकवला.

रविवारी लीसाहेब जेवायला येणार होते. शिवाय माझं टेबल बघायला! सकाळी पाहतो तर डोंगर गायब!

"सुनंदा, माझा डोंगर कुठंय?"

"देवघरात," बायको शांतपणे म्हणाली. "आईनं नेला."

पाचोडहून आलेल्या सासूबाईंनी सातही शिखरांना शेंदूर फासून समोर नारळ फोडला होता!

"जावईबापू, साती आसरा हायेत ह्या! खाली पाणी, वर सात बाया. आमच्या विहिरीवर अशाच हायेत. अन् तुम्ही त्यांच्यावर चष्मा ठिवता व्हय?"

"अहो, ते ब्रश ठेवायचं..."

"हात लावू नका! लई कडक दैवत हाय!"

तेवढ्यात बेल वाजली. लीसाहेब आत आले आणि नेमके देवघरापाशी थबकले. मी माफी मागायला तोंड उघडलं. पण त्यांनी चक्क हात जोडले, सासूबाईंनी दिलेलं खोबरं खाल्लं आणि कामगारांकडून शिकलेल्या हिंदीत मला म्हणाले, "अच्छा है! अब तुम क्या लिखे सो दिखाव ना!"

मी ड्रॉवर उघडला. बंद केला. दुसरा उघडला.

"ये क्या लिखते?" सुनंदा मदतीला धावली. "भाईसाब, कॅलेंडर पे दूध के खाडे भी मैंच लिखती!"

लीसाहेब पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी सासूबाईंनाच माझी दया आली. तिथल्या तिथं त्या नवस बोलल्या, "बायांनो, जावयाच्या हातून एक तरी ओळ लिहून घ्या, खणानारळानं वटी भरीन!"

तेव्हापासून तो ओटीचा खण टेबलावर तयार आहे. (टेबलाचा तेवढा तरी उपयोग!) कादंबरीचं कुणी विचारलंच, तर मी देवघराकडे बोट दाखवतो. माझ्याकडून काहीच अडलेलं नाही, काम त्यांच्याकडे पेंडिंग आहे!