मावशींचा वानोळा

होळीचा आदला दिवस, सकाळचे साडेअकरा. माझं बिल सातशे बेचाळीस रुपये. हजर: मी, आमच्या गल्लीतल्या मावशी, इंडक्शन शेगड्या विकणारी एक बाई, दुकानाचा मॅनेजर आणि नंतर जमलेलं निम्मं इस्लामपूर.

"शिजंल का?" हा मावशींचा कोणत्याही दुकानातला पहिला प्रश्न. भाव नंतर. तूर असो, तांदूळ असो, बटाटा असो, मावशी तो चिमटीत धरून डोळे बारीक करायच्या आणि दुकानदाराकडे असं बघायच्या, जणू त्या माणसानं आयुष्यात काहीतरी लपवलं आहे.

बाजारपेठेतल्या जुन्या किराणावाल्याला ही सवय माहीत होती. तो मूठभर डाळ कागदात बांधून द्यायचा. हा वानोळा. मावशी घरी शिजवून बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी निकाल सांगायला जायच्या. एकदा मी तिथंच होतो. "पाच शिट्ट्या झाल्या, तरी दाणा दाताखाली वाजतोय. तुमचीच डाळ, तुमीच खावा," असं म्हणून त्यांनी वाटीभर वरण त्याच्या गल्ल्यावर ठेवलं. त्यानं खरंच खाल्लं.

तो मुलाकडं पुण्याला गेला, दुकान बंद झालं, आणि मावशींना आमच्याबरोबर त्या नव्या वातानुकूलित दुकानात यावं लागलं. तिथं माझं दुःख वेगळं. बिस्किटाचा पुडा तेवढाच दिसतो, पण आतलं वजन घटलेलं असतं, आणि ते बारीक अक्षरात वाचायला मी चष्मा शोधेपर्यंत मागचे लोक ढकलगाडी पायावर घालतात. मावशींचं दुःख एकच: सगळं सीलबंद.

त्या दिवशी त्यांना दोन किलो हरभरा डाळ हवी होती. सैन्यातला मुलगा रजेवर आला होता, होळी करून लगेच परतणार होता, आणि सोबत बराकीतल्या पोरांसाठीही पोळ्या न्यायच्या होत्या. मागच्या खेपेला डाळ शिजलीच नव्हती. पुरण रवाळ, पोळ्या तव्यावर फाटलेल्या. "पोरगं एक शबुद बोललं न्हाई बघा. नुसतं खाल्लं," मावशी मला म्हणाल्या. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

त्यांनी अर्ध्या किलोचं पाकीट उचललं आणि मॅनेजरला हाक मारली. "शिजंल का?"

"मावशी, ब्रँडेड आहे."

"ते कळलं. शिजंल का?"

मॅनेजरनं पाकिटावरची तारीख वाचून दाखवली. मावशींची नजर मात्र पलीकडं गेली होती. शेगडीवाली बाई गिऱ्हाइकांना दाखवायला कुकरमध्ये नुसतं पाणी तापवत उभी होती.

"पाणीच का उकळतीस गं बाई? पाण्यानं काय कळतंय?"

आणि मी "मावशी" म्हणेपर्यंत पाकीट फुटलं, मूठभर डाळ कुकरात पडली.

"पाकीट फोडलं की पैसे द्यावे लागतात," मॅनेजर धावत आला.

"देती की! पर न्हाई शिजली तर माझ्या पुरणाचं काय, तू देतोस व्हय?"

पहिल्या शिट्टीला दहा माणसं जमली. दुसरीला कॅशियर उठून आला. कुणी म्हणालं, चार लागतील. कुणी म्हणालं, भिजवली नाही, सहाशिवाय शक्य नाही. शेगडीवाली बाई एवढ्या गर्दीनं खुलली आणि वॅट, युनिट सांगू लागली. पाचव्या शिट्टीनंतर वाफ जिरू देऊन मावशींनी झाकण उघडलं, एक दाणा बोटांत धरला आणि चिरडला.

"लोणी!" त्या म्हणाल्या.

आणि लोक डाळीच्या रॅककडे धावले. मीही धावलो. मला दोन पाकिटं मिळाली, जोडीवर दहा रुपये सूट होती. मावशी दाणे चाखून, सगळ्यांना चाखायला देऊन, सावकाश तिथं पोचल्या, तेव्हा रॅकवर एकही पाकीट नव्हतं.

आम्ही बिलाच्या रांगेत होतो. मावशी फुटलेलं पाकीट हातात धरून उभ्या. एवढा वेळ गाजवलेला आवाज अगदी खाली आला. "आवं, शिजवली मी आन् नेली तुमी व्हय?"

माझं बिल नुकतंच झालं होतं. मी माझी दोन्ही पाकिटं त्यांच्या पिशवीत घातली. पुढच्या दाढीवाल्या काकांनी एक दिलं, मागच्या बाईंनी एक, आणि मग एवढे हात पुढं आले, की मावशीच ओरडल्या, "बास रं! पलटण हाय, अख्खी फौज न्हवं!"

पुरण त्या खेपेला मऊसूत झालं. मुलगा पहिली पोळी संपवून म्हणाला, "आई, डब्यात अजून चार घाल." हे मावशींनी अख्ख्या गल्लीला सांगितलं, मला तीनदा.

आता त्या मुलाच्या क्वार्टरवर राहतात, लांब मध्य प्रदेशात. तिथल्या किराणावाल्याची मला काळजी वाटते.

फुटलेल्या पाकिटाचे साठ रुपये मावशींनी त्याच दिवशी काउंटरवर भरले होते. मला सूट वजा करून एकशे दहा दिले, काकांना आणि बाईंना छापील किंमत. आणि होळीच्या दुपारी त्या पुन्हा दुकानात गेल्या: शेगडीवाल्या बाईला विजेबद्दल दोन पुरणपोळ्या, मॅनेजरला एक, तुपासकट.